कॅमेऱ्याची टिकाऊ बॅग कशी निवडावी: ठाणे-नवी मुंबईचा पाऊस, लोकल आणि खाडी धरून

बाहेरचं कापड फाटलं म्हणून कॅमेऱ्याची बॅग बाद झाली, असं क्वचितच होतं. बॅग जाते ती चार जागी: खांद्याचा पट्टा जिथे शिवलेला असतो तो सांधा, मुख्य चेन, आतल्या बाजूचा रबरी लेप आणि फोम. दुकानात मात्र आपण बाहेरचं कापड चिमटीत धरतो, कप्पे मोजतो आणि विक्रेत्याने ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हटलं की पैसे काढतो.

त्यातून आपल्याकडची हवा वेगळी. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर ठाण मांडून असते, खाडीचा खारा वारा वर्षभर असतो आणि वर लोकलची गर्दी. कोरड्या, थंड देशातल्या परीक्षकाने ‘दहा वर्षं टिकेल’ म्हटलेली बॅग इथे चौथ्या पावसाळ्यात आतून चिकट झालेली सापडू शकते. म्हणून परीक्षणं जरूर वाचा, पण तपासणी आपल्या हिशोबाने करा.

आधी वजनकाटा

दुकानात जाण्याआधी घरच्या काट्यावर सगळं सामान मोजा. अंदाज नेहमी कमीच निघतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याचा एक सर्वसाधारण संच घेऊ. सोनी ए७ फोरची बॉडी बॅटरीसह ६५८ ग्रॅम, २००-६०० मिलिमीटरची लेन्स ट्रायपॉडवर बसवायचा पाय सोडून २११५ ग्रॅम, सोबत २४-१०५ एफ/४ लेन्स ६६३ ग्रॅम. झाले साडेतीन किलोच्या आसपास. जादा बॅटऱ्या, कार्डं, पुसायचं कापड मिळून पाव किलो, एक लिटर पाणी, रेनकोट. पाच किलो. त्यात बॅगेचं स्वतःचं वजन दोन किलो धरलं की सात किलो पाठीवर आले, आणि ते घेऊन ठाणे स्टेशनचा पूल चढायचा आहे. देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या केबिन सामानाची मर्यादाही सहसा सात किलोच असते, तेव्हा हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जादा लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत, त्या सोबतच्या बॅगेतच ठेवाव्या लागतात; त्यामुळे कॅमेरा-बॅगेचं वजन वाढतंच.

रिकामी बॅग सामानाच्या निम्म्याहून जड असेल तर ती सोडा. जाड फोम आणि शेकडो पट्ट्या लावून वजन वाढवलेल्या बॅगा टिकाऊ दिसतात, पण तेच वजन पट्ट्याच्या शिलाईवर रोज पडत राहतं.

वजनानंतर लांबी. लिटरचा आकडा फसवा असतो, कारण त्यात लॅपटॉपचा खण, वरचा कप्पा, बाटलीची जागा सगळं धरलेलं असतं. विचारायचं ते फक्त कॅमेऱ्याच्या खणाचं आतलं माप. २००-६०० लेन्स ३१.८ सेंटीमीटर लांब आहे. ती बॉडीला लावून, हूड (लेन्सपुढचं ऊन अडवणारं नळकांडं) उलटा करून ठेवायची तर ४० सेंटीमीटरपर्यंत जागा जाते, म्हणजे आतली उंची ४२ तरी हवी. साधी बॉडी १२-१३ सेंटीमीटर खोलीत बसते. उभा ग्रिप (कॅमेरा उभा धरायची खालची जोडमूठ) असलेल्या बॉडीला १५ लागतात. हे दोन आकडे कागदावर लिहून न्या, सोबत स्टीलचा टेप घ्या. पुढे कधीतरी घ्यायच्या लेन्ससाठी एक खण मोकळा धरला तर चालेल. त्याहून जास्त जागा ठेवली की ती काहीबाही वस्तूंनी भरते.

जायचं कसं, त्यावर बॅगेचा घाट

ठाणे-वाशी किंवा ठाणे-पनवेल लोकलने जाणाऱ्याची बॅग गर्दीच्या वेळी पाठीवर नसते, छातीवर असते. म्हणून बाहेरून २०-२२ सेंटीमीटरपेक्षा जाड बॅग नको. समोर घेतली की जिन्याच्या पायऱ्याच दिसत नाहीत. अशा प्रवासासाठी पाठीच्या बाजूने उघडणारी बॅग सर्वांत सोयीची. मुख्य चेन अंगाला टेकलेली राहते, गर्दीत कोणाचा हात तिथे पोहोचत नाही. शिवाय येऊरच्या चिखलात किंवा कर्नाळ्याच्या ओल्या पायवाटेवर बॅग पोटावर झोपवून उघडली की पट्टे आणि पाठीची गादी वर, कोरडी राहते. या रचनेची एक खोट मात्र आहे, ती पावसाच्या भागात सांगू.

रॅकवर बॅग टाकायची असेल तर वरचा आणि बाजूचा, असे दोन्ही हॅंडल दणकट हवेत, कारण सात किलोचा झटका त्यांच्यावरच बसतो. पावसाळ्यात रॅकवर ओल्या छत्र्यांचं पाणी साचलेलं असतं, तेव्हा बॅगेचा तळ लेप दिलेल्या जाड कापडाचा असावा. लोंबणाऱ्या पट्ट्यांची टोकं गुंडाळून इलॅस्टिकमध्ये अडकवायची सोय आहे का, तेही पाहा. चढता-उतरता कोणाच्या बॅगेत तो पट्टा अडकला तर बक्कल तरी तुटतं किंवा माणूस तरी पडतो.

स्कूटर-मोटरसायकलवर प्रश्न हादऱ्यांचा. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून जाताना जड टेलिफोटो, म्हणजे लांबचं टिपणारी लेन्स, बॉडीला लावून ठेवू नका. ठेवायचीच असेल तर लेन्सचा मधला भाग खालून आधारलेला हवा, नाहीतर प्रत्येक आदळ्याचा ताण माउंटच्या, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते त्या, कड्यावर येतो. पट्टे इतकेच सैल करा की बॅगेचा तळ मागच्या सीटला जेमतेम टेकेल. भार सीट घेते, खांदा नाही.

नाट्यगृहातले प्रयोग, रस्त्यावरचे फोटो, एक बॉडी आणि दोन छोट्या लेन्सेस यांना ६ ते १० लिटरची स्लिंग, म्हणजे एका पट्ट्याची तिरकी बॅग, पुरते. तीन किलोच्या वर एका खांद्यावर नको. लग्नाच्या कामाला दोन बॉड्या, तीन लेन्सेस, तीन-चार फ्लॅश घेऊन गाडीने हॉलवर जाणाऱ्यांनी चाकांची बॅग घ्यावी, पण चाकं स्क्रूने निघणारी आहेत का ते आधी बघावं. लोकलवाल्याने चाकांच्या नादी लागू नये. पूल आणि जिने तिला उचलूनच पार करावे लागतात.

खाडीतल्या बोटीचं गणित निराळं. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर यादीत गेली, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाणाऱ्या फोटोग्राफरांची हिवाळ्यात रीघ लागते. बोटीच्या तळाला थोडंफार खारं पाणी असतंच. त्यासाठी महागडी वॉटरप्रूफ बॅग घेण्यापेक्षा नेहमीच्या बॅगेत मावणारी, तोंड गुंडाळून बंद करायची २० लिटरची ड्राय बॅग ठेवा. खारं पाणी उडालंच तर घरी आल्यावर चेनवर आणि बकलांवर ओलं कापड फिरवा. धातूच्या दातांची चेन असलेली बॅग खाडीवर नेणाऱ्याला हिरवट गंज बघायला फार थांबावं लागत नाही.

कापडावरचे आकडे

लेबलवर ६००डी, १०००डी, १६८०डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. कापड चांगलंच आहे असा त्याचा अर्थ होत नाही. १६८०डी बॅलिस्टिक नायलॉन आणि १६८०डी पॉलिस्टर यांचे आकडे सारखे असले तरी घासण्याला नायलॉन जास्त तोंड देतं. पॉलिस्टर उन्हाला नायलॉनपेक्षा बरं टिकतं आणि पाणी कमी शोषतं, तेव्हा त्यालाही अगदी हलकं मानू नका. ५००डी किंवा १०००डी कॉर्डुरा नायलॉन रोजच्या वापराला भरपूर झालं. ६००डी पॉलिस्टरची बॅगही शिलाई चांगली असेल तर आठवड्याला एकदोनदा बाहेर पडणाऱ्याला पुरते. फक्त तळाला दुहेरी कापड असावं.

मेणकापडी कॅनव्हास आणि चामडी पट्ट्यांच्या बॅगा दिसायला झकास. पण जूनमध्ये भिजून दोन दिवस कोपऱ्यात पडल्या की चामड्यावर पांढरी बुरशी धरते, आणि ती बुरशी लेन्सच्या शेजारी असणं कोणालाच परवडणारं नाही. कोकणपट्टीसाठी आम्ही ती सुचवणार नाही.

खरा मुद्दा कापडाच्या आतल्या लेपाचा. पाणी अडवण्यासाठी कापडाला आतून पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, पातळ थर दिलेला असतो. उष्णता आणि ओल एकत्र आली की तो थर रासायनिकरीत्या तुटत जातो: आधी चिकटपणा, मग आंबूस वास, मग पांढरट पापुद्रे. हे वापराने होत नाही. बंद कपाटात पडलेल्या बॅगेत उलट जास्त होतं. पापुद्र्यांची पूड लेन्सच्या मागच्या काचेवर आणि बॉडीच्या माउंटमध्ये जाते, तिथून सेन्सरवर. लेबलवर टीपीयू (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) लेप किंवा कापडालाच चिकटवलेला थर असं लिहिलं असेल तर ते साध्या पीयूपेक्षा जास्त काळ टिकतं. काहीच लिहिलं नसेल तर लॅपटॉपच्या खणात हात घालून कापड उलटं करा. बोट फिरवताना चिकट लागलं किंवा अडखळलं, तर ती बॅग गोदामात आधीच एखाद-दोन पावसाळे काढून आलेली आहे. मोठ्या सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलना ही परीक्षा आधी लावा.

चेन आणि रनर

चेनचा नंबर म्हणजे बंद केल्यावर दातांची साधारण मिलिमीटरमधली रुंदी. मुख्य खणाला ८ किंवा १० नंबर, बाहेरच्या खिशांना ५ नंबर. मुख्य खणालाच ५ नंबरची चेन लावलेली बॅग जास्त भरली की आधी कोपऱ्यात उसवते. रनरच्या, म्हणजे चेन उघड-बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याच्या, मागे नंबर कोरलेला असतो, ‘वायकेके’ (चेन बनवणारी जपानी कंपनी) असेल तर तेही. पण नावाचा शिक्का फक्त ओढायच्या पट्टीवर असेल आणि रनरच्या अंगावर नसेल तर शंका घ्या. पट्टी कुठलीही अडकवता येते.

प्लास्टिकच्या वेटोळ्याची, म्हणजे कॉइल चेन, आपल्याला सगळ्यांत योग्य. ती वळणावर सहज फिरते, गंजत नाही, आणि एखादं वेटोळं सरकलं तर रनर मागे-पुढे करून पुन्हा बसतं. उलटी लावून वरून रबरी पापुद्रा दिलेली चेन पाणी बरंच अडवते. तीही पूर्ण जलरोधक नसते, आणि वाकणाऱ्या कोपऱ्यात तिचा पापुद्रा आधी सुटतो.

चेन बिघडली म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा बिघडलेला असतो रनर. रेती आणि खार त्याला आतून झिजवतात, त्याची पकड ढिली होते आणि चेन मागून उघडी राहते.

शिलाई, पट्टे, बक्कल

खांद्याचा पट्टा वर जिथे बॅगेत शिरतो तिथे चौकोनात फुली मारलेली शिलाई किंवा जवळजवळ, दाट मारलेले बारटॅक टाके हवेत. पट्टा दोन कापडांच्या मधल्या शिवणीत खोल गेलेला असावा. नुसता वरून ठेवून शिवलेला पट्टा कापडासकट सुटतो. आतून बघा, शिवणीच्या कडा पायपिंगने झाकलेल्या आहेत का. उघड्या कडांचे धागे निघत असतील तर तिथून उसवण आज ना उद्या सुरू होणार, आणि तेच धागे वेलक्रोत आणि चेनमध्ये अडकणार.

पट्टा ६-७ सेंटीमीटर रुंद असावा. पाच किलोंपुढे कमरेचा पट्टाही हवा, आणि तो पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. बहुतेक कॅमेरा-बॅगांची पाठ एकाच मापाची असते, त्यामुळे साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला मोठ्या बॅगेचा पट्टा नितंबावर येतो आणि सगळा भार पुन्हा खांद्यावर. हे ऑनलाइन कळत नाही. बॅग अंगावर चढवूनच बघावी लागते.

फोम

बंद छिद्रांचा फोम, ईव्हीए किंवा पीई, पाणी शोषत नाही आणि वर्षानुवर्षं आकार धरतो. स्पंजसारखा उघड्या छिद्रांचा फोम पाणी पितो, दोन-तीन दिवस वाळत नाही आणि काही वर्षांनी भुगा होतो. ओळखायला सोपं: आतलं पार्टिशन काढा, अंगठ्याने दहा सेकंद दाबा आणि सोडा. चांगला फोम लगेच वर येतो, फार खड्डा पडत नाही. अंगठा आणि बोट एकमेकांना जाणवलं तर नको. पार्टिशन ८-१० मिलिमीटर, तळ त्याहून जाड.

दुकानात करायची तपासणी

ठाण्या-वाशीतल्या दुकानात जा किंवा फोर्टच्या बोरा बाजारात, सामान सोबत न्या. घाईच्या संध्याकाळी जाऊ नका. यात वीस मिनिटं जातात आणि दुकानदाराला तेवढा वेळ असला पाहिजे.

१. सगळं सामान बॅगेत रोजच्या जागी लावा, पाण्याची भरलेली बाटलीसुद्धा. बाजूच्या खिशात बाटली घातल्यावर आतला खण दबतो का पाहा. बऱ्याच बॅगांत दबतो.

२. भरलेल्या बॅगेची मुख्य चेन एका हाताने पूर्ण फिरवा. कोपऱ्यात दुसरा हात लागला तर चेन ताणात आहे.

३. वरचा हॅंडल धरून पाच-सहा झटके द्या, मग एकाच पट्ट्यावर लटकवून द्या. पट्ट्याच्या मुळाशी टाके ताणून भोकं दिसू लागली की बॅग परत.

४. कॅमेरा काढून घ्या, आत फक्त पाण्याची बाटली पार्टिशनमध्ये ठेवा, खण उघडा ठेवून बॅग गादीवर किंवा मांडीवर उलटी करा. वेलक्रो सुटून बाटली पडली तर एक दिवस लेन्स पडेल.

५. बॅग छातीवर घेऊन दुकानाची पायरी उतरून बघा. मग पाठीवर घेऊन दहा मिनिटं अंगावरच राहू द्या आणि दुकानदाराशी किमतीचं बोलून घ्या.

६. वॉरंटीच्या कागदावर चेन, बक्कल आणि लेप यांचा स्वतंत्र उल्लेख शोधा. ‘आजीवन’ लिहिलेली वॉरंटीही बहुधा बनावटीच्या दोषापुरती असते. झीज त्यात येत नाही, आणि लेप सुटणं झिजेत ढकललं जातं. भारतात दाद कोणाकडे मागायची, हे बिलावर लिहून घ्या.

ऑनलाइन घेतलीच तर टॅग न काढता हीच तपासणी परतीच्या मुदतीत घरी उरका.

पाऊस: कव्हर कुठे कमी पडतं

‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे हलक्या सरीत दहा-पंधरा मिनिटं. शिवणीची भोकं आतून टेपने बुजवलेली नसतील तर कापड कितीही चांगलं असो, पाणी शिवणीतून शिरतं. म्हणून बॅगेसोबत कव्हर असावंच, आणि ते तळाच्या खिशात कायमचं शिवलेलं नसून काढता येणारं असावं. शिवलेलं ओलं कव्हर पुन्हा त्याच खिशात कोंबलं की बॅगेचा तळ आठवडाभर दमट राहतो.

कव्हर फक्त बाहेरची बाजू आणि कडा झाकतं. पाठीला टेकणारी बाजू उघडी असते. मुसळधार पावसात मानेवरून आणि रेनकोटवरून ओघळणारं पाणी थेट पाठीच्या गादीत उतरतं, आणि पाठीने उघडणाऱ्या बॅगेची मुख्य चेन नेमकी तिथेच असते. ती खोट हीच. तिच्यावर उपाय दोन: बॅगेसकट अंग झाकणारा ढगळ पोंचो, किंवा आत ड्राय बॅग. पावसाळ्यात खारघरच्या टेकड्यांवर किंवा येऊरला जाणाऱ्यांनी कव्हरपेक्षा आतल्या ड्राय बॅगेवर भरवसा ठेवावा.

घरी परीक्षा अशी. बॅगेत कॅमेऱ्याऐवजी जुने टॉवेल भरा, प्रत्येक खणात वर्तमानपत्राचा एकेक कागद, कव्हर चढवा आणि बॅग उभी करून शॉवरखाली दहा मिनिटं ठेवा. मग कागद काढून बघा. कुठला ओला झाला त्यावरून पाणी वरच्या चेनमधून आलं की तळातून, ते कळतं. तळाचा कागद ओला असेल तर बहुधा कव्हरमध्ये साचलेलं पाणी बॅगेत झिरपलं. कव्हरच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघायला छोटं भोक असलं तर हा त्रास होत नाही.

घेतल्यानंतर

पावसाळाभर लेन्सेस बॅगेत ठेवू नका. आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो, आणि बॅगेतला मऊ, बंद अंधार तिला मानवतो. सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून निर्धास्त होणारे बरेच दिसतात. बॅग हवाबंद नसते, त्यामुळे त्या पुड्या थोड्याच दिवसांत ओलीने भरतात. लेन्सेसची जागा म्हणजे ड्राय कॅबिनेट, नाहीतर रबरी कडेचा हवाबंद डबा, आत सिलिका आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० च्या दरम्यान. निळी सिलिका गुलाबी झाली की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येते. बॅग रिकामी, सगळ्या चेन उघड्या, पंख्याच्या वाऱ्यात टांगून ठेवा.

एका कामासाठी मात्र बॅग भरलेली आणि बंद हवी: एसी हॉलमधून बाहेरच्या दमट लॉनवर जाताना. गार कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. बंद बॅगेत २०-३० मिनिटं राहू द्या, हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

धुवायची वेळ आली तर मशीन नको, गरम पाणीही नको. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि सावलीत वाळवण. चेनमधली रेती कोरड्या टूथब्रशने काढा आणि दातांवरून मेणबत्ती एकदा फिरवा. खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटून रनर आणखी लवकर झिजतो.

रनर ढिला झाला तर पकडीने त्याच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा. काही आठवडे निघतात. कायमचा उपाय नवा रनर. बाजारातल्या बॅग दुरुस्तीवाल्याकडे जाताना जुन्या रनरमागचा नंबर सांगा, काम किरकोळ पैशांत होतं. पट्टा पुन्हा शिवून घेताना नायलॉनचाच दोरा आणि आतून जाड पट्टीचा आधार मागा. जुन्याच भोकांतून मारलेला टाका टिकत नाही. नव्या शिवणीच्या भोकांवर आतून सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा चिकट द्रव) फिरवला की तिथून पाणी येणार नाही.

लेप सुटायला लागला की मात्र दुरुस्ती नाही. आतले पापुद्रे घासून काढले तरी उरलेला थर पूड सोडतच राहतो. ती बॅग मग लाइटचे स्टँड, केबल आणि छत्र्यांना द्या; उघड्या काचेची कुठलीही वस्तू तिच्यात पुन्हा ठेवू नका.